चेरोकीचा ऑटो गिअर हाताने टाकायचा असेल तर

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. 1998 ची जीप चेरोकी, 4 लिटरचं सहा सिलिंडर पेट्रोल इंजिन, चार गिअरचा ऑटो, खाली 31 इंची टायर. राहता दुबईत आणि सुट्टीला बिग रेड नाहीतर म्लेहाच्या बाजूला वाळूत गाडी घालता. टेकाडाच्या माथ्यावर पाय जरासा सैल केला की गिअरबॉक्स वरचा गिअर टाकून मोकळा होतो. पुन्हा पाय दाबून खालचा गिअर पडेपर्यंत गाडीचा जोर गेलेला असतो आणि चाकं रुततात. यावर तीन जणांनी तीन सल्ले दिलेत. एक म्हणतो, हाताने गिअर टाकायची वाल्व्ह बॉडी, म्हणजे गिअरबॉक्समधला तेलाच्या वाटा ठरवणारा भाग, बसव. दुसरा म्हणतो, ऑटो काढून सरळ क्लचवाला बॉक्स टाक. तिसरा म्हणतो, डॅशबोर्डवर दोन बटणं लावली की काम झालं. कोणाचं ऐकू, असं तुम्ही विचारलंत.

तिसऱ्याचं ऐका, पण दोन बटणं मात्र लावू नका. का ते पुढे येईलच.

मी चिपळूणचा. शारजाच्या इंडस्ट्रियल एरियात 19 वर्षं ऑटो गिअरबॉक्सचंच काम केलं, आता गावी आहे. त्या काळात तुमच्यासारख्या चेरोक्या बऱ्याच हाताखालून गेल्या, आणि जवळपास प्रत्येक मालकाचं सुरुवातीचं वाक्य एकच: 'हा ऑटो मॅन्युअल करून द्या.' थोडं बोललं की कळायचं, त्याला मॅन्युअल नकोच आहे. माथ्यावर गिअर बदलू नये, एवढंच हवंय. तुमचंही तेच दिसतं. गिअर बदलण्याचं काम बॉक्स नीट करतोय, कधी बदलायचा हा निर्णय तेवढा चुकतोय. मग निर्णय घेणारा बदलायचा. त्यासाठी अख्खा बॉक्स बदलायची गरज नाही.

निर्णय घेतो तो टीसीयू, म्हणजे डॅशबोर्डखाली बसवलेला गिअरबॉक्सचा छोटा कॉम्प्युटर. त्याला कळतं ते इतकंच: थ्रॉटल किती उघडलंय, बॉक्समधून बाहेर पडणारा शाफ्ट किती फिरतोय, लिव्हर कुठे आहे आणि ब्रेकवर पाय आहे का. खाली डांबर आहे की वाळू, पुढे चढ आहे की कडा, हे त्याला कुठून कळणार? वाळूत चाकं सरकतात तेव्हा शाफ्ट जोरात फिरतो आणि त्याला वाटतं गाडी पळतेय. त्याच क्षणी तुम्ही माथ्यावर पाय उचलता. वेग भरपूर, थ्रॉटल कमी, म्हणजे वरचा गिअर. शेख झायेद रोडवर हा हिशेब अगदी बरोबर आहे.

तरीही तारांना हात लावायच्या आधी एक चाचणी करा, तिला एक पैसा लागत नाही. इग्निशन बंद करून टीसीयूचा कप्लर, म्हणजे तारांचा जोड, काढा आणि गाडी मोकळ्या रस्त्यावर हळू चालवा. तुमच्या गाडीतला एडब्ल्यू 4 हा ऐसिनचा बॉक्स, आणि त्याची एक खोड फार उपयोगी आहे. वीज गेली तरी तो मरत नाही. कॉम्प्युटर नसताना लिव्हर 1-2 वर ठेवला की पहिला, 3 वर ठेवला की तिसरा, डी वर ठेवला की चौथा आणि आर वर रिव्हर्स. उभी गाडी 1-2 वर उचला, लिव्हर 3 वर न्या, मग डी वर. तिन्ही गिअर स्वच्छ पडले, कुठे घसरण नाही, धक्का नाही, तर बॉक्स आतून निरोगी आहे. 1996 नंतरच्या गाड्यांत कप्लर काढल्यावर इंजिनचा दिवा लागू शकतो, त्याला घाबरू नका. मीटरचा काटा चालू राहील, कारण त्याचा सेन्सर वेगळा, ट्रान्सफर केसवर, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना जोर वाटणाऱ्या पेटीवर आहे.

उलट या चाचणीत तिसरा घसरला, तर बटणांचा विचार सोडा आणि बॉक्स उघडायची तयारी करा. घसरणाऱ्या क्लचला स्विच लावून काही फायदा नाही. आणि गिअर स्वच्छ पडले, पण टीसीयू जोडल्यावर डांबरी रस्त्यावरसुद्धा तो वेड्यासारखा वर-खाली करत असेल, तर आधी थ्रॉटलचा सेन्सर आणि बॉक्सच्या बगलेला असलेला न्यूट्रल सेफ्टी स्विच बघा. त्या स्विचमध्ये धूळ आणि तेलकट चिखल जाऊन बसतो आणि लिव्हर कुठे आहे हेच कॉम्प्युटरला नीट कळत नाही. तो खोलून साफ केला आणि गिऱ्हाईक 'मॅन्युअल' विसरून घरी गेलं, असं माझ्याकडे कितीदा तरी झालंय. धंद्याचं नुकसान, पण काय करणार!

आता या चाचणीत तुमच्या लक्षात आलं असेल की चारपैकी तीन गिअर हाताने फुकटच मिळाले. राहिला दुसरा. वाळूत सगळ्यात जास्त लागतो तोच, म्हणून पुढचा खटाटोप.

या बॉक्समध्ये तीन सोलेनॉइड आहेत, म्हणजे वीज दिली की तेलाची वाट बदलणारे छोटे वाल्व्ह. पहिल्या दोघांना मी एस-1 आणि एस-2 म्हणतो, ते गिअर ठरवतात. तिसरा टॉर्क कन्व्हर्टरचं, म्हणजे इंजिन आणि बॉक्समधल्या तेलावर चालणाऱ्या जोडाचं, लॉक-अप चालवतो; लॉक-अप लागलं की तो जोड सरकत नाही, घट्ट बांधला जातो. तिघांची बॉडी अर्थला आहे आणि टीसीयू त्यांना फक्त 12 व्होल्ट देतो किंवा तोडतो. लिव्हर डी वर असताना पहिल्या गिअरला एस-1 चालू, एस-2 बंद. दुसऱ्याला दोन्ही चालू. तिसऱ्याला एस-1 बंद, एस-2 चालू. चौथ्याला दोन्ही बंद. झालं, एवढंच गुपित आहे.

हा क्रम पुन्हा एकदा वाचा, त्यात एक हुशारी दडलीय. पहिल्यातून दुसऱ्यात जाताना फक्त एस-2 बदलतो. दुसऱ्यातून तिसऱ्यात फक्त एस-1. तिसऱ्यातून चौथ्यात पुन्हा फक्त एस-2. प्रत्येक पायरीला एकच सोलेनॉइड हलतो, त्यामुळे दोघांची वेळ जुळवायची भानगड नाही. बनवणाऱ्याने हे मुद्दाम केलंय, आणि म्हणून साधं बटण कॉम्प्युटरची जागा घेऊ शकतं.

पण याच हुशारीत दोन बटणांचा सापळा आहे. चौथ्यात दोन्ही बंद असतात. तिथून चुकून एस-1 चं बटण दाबलं गेलं तर कुठला गिअर मागितला? पहिला. मधले दोन गाळून, थेट पहिला. मी पहिल्यांदा हे काम केलं ते माझ्या स्वतःच्या गाडीवर, दोन टॉगल लावून. म्लेहाच्या रस्त्याला 90 च्या वेगात तिसरा टाकायला गेलो आणि बोट पडलं शेजारच्या टॉगलवर. इंजिन जे किंचाळलं ते अजून कानात आहे, काटा लाल पट्ट्यात आणि गाडी मात्र न्यूट्रलमध्ये असल्यासारखी घरंगळत चाललेली. पाय पटकन उचलला म्हणून निभावलं. त्या संध्याकाळीच दोन्ही टॉगल उपटून टाकले.

गाडी थांबली का नाही, मागची चाकं लॉक का झाली नाहीत, असं तुम्ही विचाराल. त्याचं कारण या सगळ्या कामातला सगळ्यात महत्त्वाचा भाग आहे आणि बटणं विकणारे तो सांगत नाहीत.

जुन्या ऑटो बॉक्समध्ये वन-वे क्लच असतात. सायकलचं फ्रीव्हील आठवा. पेडल मारलं की चाक ओढलं जातं, पेडल थांबवलं तरी चाक आपलं टिकटिक करत पळत राहतं. तुमच्या बॉक्समध्ये डी वरचा पहिला आणि दुसरा गिअर अशाच फ्रीव्हीलच्या आधाराने उभा असतो. यामुळे गिअर बदलणं सोपं होतं. दुसऱ्याच्या ब्रेकच्या प्लेटा धरू लागल्या की पहिल्याचं फ्रीव्हील आपोआप सुटतं. पहिला नेमका कधी सोडायचा, याचा हिशेब कोणालाच करावा लागत नाही. कॉम्प्युटरशिवाय हा बॉक्स हाताने चालतो तो याच जोरावर.

त्याची दुसरी बाजू उतारावर कळते. लिव्हर डी वर आणि स्विचने पहिला टाकलेला, अशा अवस्थेत गाडी उतारावर सोडली तर इंजिन ब्रेकिंग शून्य. चाकं इंजिनाला ओढायला जातात आणि फ्रीव्हील सुटतं. हत्ताच्या डोंगरात एकदा एका गिऱ्हाइकाबरोबर मी गेलो होतो. गडी स्विचकडे बोट दाखवून सांगत होता, पहिला आहे, पहिला आहे, आणि गाडी ब्रेकवरच उतरत होती. खाली पोचलो तेव्हा पुढच्या चाकांतून वास आणि धूर दोन्ही येत होते. स्विच खरं बोलत होता. लिव्हर चुकीच्या जागी होता.

पहिल्या गिअरमध्ये इंजिनाने गाडी धरून ठेवायची असेल तर फ्रीव्हीलच्या जोडीला आत आणखी एक ब्रेक लागावा लागतो, आणि तो लिव्हर 1-2 वर असेल तरच लागतो. दुसऱ्यासाठीही असाच एक जोडीचा ब्रेक आहे, तो लिव्हर 3 किंवा 1-2 वर असताना काम करतो. हे वाल्व्ह बॉडीतला, लिव्हरने हलणारा मॅन्युअल वाल्व्ह ठरवतो, वीज नाही. त्यामुळे तुमच्याकडे दोन हत्यारं आहेत असं समजा. स्विच गिअर निवडतो, आणि तो गिअर उतारावर धरणार की घरंगळणार हे लिव्हर ठरवतो. आमच्या कुंभार्ली घाटात जुने एसटीवाले सांगायचे, ज्या गिअरने चढलास त्याच गिअरने उतर. इथे त्याला एक पुस्ती जोडायची: लिव्हर खाली घेऊन उतर.

लिव्हर खाली ठेवण्यात आणखी एक फायदा लपलाय. समजा उतारावर स्विचचा फ्यूज उडाला. लिव्हर डी वर असेल तर दोन्ही सोलेनॉइड मेले म्हणजे चौथा गिअर, गाडी मोकाट. लिव्हर 1-2 वर असेल तर वीज गेल्यावर मिळतो पहिला. वाळूत लिव्हर 3 वर असेल तर मिळतो तिसरा, गाडी निदान चालत घरी येते. पण नाण्याला दुसरी बाजू आहेच. टीसीयू जोडलेला नसताना वेगात लिव्हर 1-2 वर ओढलात तर पहिला लगेच पडतो आणि या वेळी फ्रीव्हील वाचवायला नाही. तुमच्या 31 इंची टायरवर आणि 3.55 गुणोत्तराच्या एक्सलवर 80 च्या वेगाला पहिला म्हणजे इंजिन 5500 च्या पुढे. त्याच्या लाल रेषेपलीकडे. म्हणून 1-2 वर जायचं ते गाडी जवळपास थांबल्यावर, उताराच्या तोंडाशी. हे घरात गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाला सांगून ठेवा, किंवा चावी देऊ नका.

आता कामाकडे वळू. टॉगलच्या जागी चार घरांचा रोटरी सिलेक्टर घ्या, ज्याला पहिल्या आणि चौथ्या घरामध्ये अडवणूक आहे, गोल फिरत नाही. म्हणजे चौथ्यातून पहिल्यात जायला मधली दोन्ही घरं ओलांडावीच लागतात. एस-1 ला वीज पहिल्या आणि दुसऱ्या घरात, एस-2 ला दुसऱ्या आणि तिसऱ्या घरात. सिलेक्टर असा हवा की पुढचा संपर्क लागल्यावरच मागचा सुटेल. साध्या सिलेक्टरमध्ये दोन घरांच्या मधे क्षणभर सगळंच तुटतं, म्हणजे बॉक्सला वाटतं चौथा मागितला. हात चपळ असेल तर कळतही नाही. पण वाळूत हातमोजे घालून, गाडी उडत असताना तुमचा हात चपळ नसतो.

सोलेनॉइडची कॉइल 11 ते 15 ओमची असते, म्हणजे जेमतेम एक अँपियर ओढते. तरी मी सिलेक्टरमधून थेट वीज सोडत नाही, मधे रिले, म्हणजे विजेने चालणारा स्विच, घालतो. कॉइल तुटताना मागे झटका मारते आणि सिलेक्टरचे नाजूक पॉइंट त्याने जळतात. प्रत्येक कॉइलला समांतर एक डायोड टाकायचा, 1एन4007 चालतो, कुठल्याही इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात चिल्लरमध्ये मिळतो. पट्टी प्लसकडे. उलटा लावलात तर फ्यूज उडेल, म्हणजे कळेलच. फ्यूज 5 अँपियरचा, इग्निशन चालू असतानाच वीज येईल अशा ठिकाणाहून घ्या.

तारा मी टीसीयूच्या कप्लरपाशीच जोडतो. तिथे कोरडं असतं, हात पोचतो आणि गरम सायलेन्सर दूर असतो. रंगांवर विसंबू नका. वर्षागणिक वायरिंग बदललंय आणि मधल्या 25 वर्षांत कोणी काय जोडून ठेवलंय देव जाणे. तुमच्याच वर्षाचा नकाशा घ्या आणि मल्टिमीटरने खात्री करा. टीसीयू काढलेला, इग्निशन बंद, आणि तार ते बॉडी 11 ते 15 ओम दाखवणाऱ्या तीन तारा त्याच. मग हळू चालत्या गाडीत, लिव्हर डी वर ठेवून एकेकीला 12 व्होल्ट द्या. जिने पहिला पडला ती एस-1, जिने तिसरा पडला ती एस-2.

टीसीयू कायमचा फेकू नका, ही माझी हात जोडून विनंती. चेंजओव्हर रिले लावा. एका बाजूला जुना कॉम्प्युटर, दुसऱ्या बाजूला तुमचा सिलेक्टर आणि डॅशबोर्डवर एक झाकणवालं बटण. दुबई ते म्लेहा जाताना ऑटो, वाळूच्या तोंडाशी हवा कमी करायला उतरलात की मॅन्युअल. बदल करताना टीसीयूची पॉवरही तोडायची, कारण तो चालू राहिला आणि त्याला सोलेनॉइडच्या तारा तुटलेल्या दिसल्या तर तो फॉल्ट धरून बसतो आणि परत ऑटोवर आलात तरी गिअर देत नाही. बटण गाडी उभी असताना, न्यूट्रलमध्येच फिरवा.

लॉक-अपचं काय, हे बहुतेक लोक विचारतच नाहीत आणि मग हायवेवर तेल उकळतं. लॉक-अप नसेल तर कन्व्हर्टर सतत थोडा सरकत राहतो आणि सरकणं म्हणजे उष्णता. तुम्ही रस्त्यावर टीसीयूवरच चालवणार असाल तर तिसरा सोलेनॉइड हाताने चालवायची गरजच नाही. मॅन्युअलमध्ये तो बंद राहू द्या. वाळूत कन्व्हर्टर मोकळाच हवा. उभ्या गाडीला उचलताना तो इंजिनाचा टॉर्क जवळपास दुपटीपर्यंत वाढवून देतो, आणि हाच तुमच्या ऑटोचा क्लचवाल्या बॉक्सपेक्षा मोठा फायदा आहे. हौसेने लावायचाच असेल तर तिसऱ्या-चौथ्यातच वापरा आणि त्याची वीज ब्रेकच्या रिलेमधून न्या. पाय ब्रेकवर पडला की लॉक-अप सुटलाच पाहिजे, नाहीतर सिग्नलला इंजिन गचका देऊन बंद पडेल.

एक केबल राहिली, आणि बॉक्स जळतात ते तिच्यामुळे. इंजिनाच्या थ्रॉटलपासून बॉक्सपर्यंत एक केबल गेलेली आहे. पाय जितका दाबाल तितका बॉक्समधला तेलाचा दाब ती वाढवते. या बॉक्समध्ये दाबाचं काम पूर्ण यांत्रिक आहे, टीसीयूचा त्यात हात नाही. म्हणूनच टीसीयू काढला तरी प्लेटा घट्ट धरतात. पण केबल ढिली असेल तर दाब कमी, आणि पूर्ण थ्रॉटलवर तुम्ही स्विचने दुसरा टाकलात की प्लेटा घसरत घसरत धरतील. चार-पाच सुट्ट्यांत तेल काळं. ॲडजस्ट करायला केबलच्या थ्रॉटलकडच्या टोकाचं बटण दाबून प्लंजर पूर्ण आत ढकला, बटण सोडा आणि इंजिन बंद ठेवून थ्रॉटल हाताने शेवटपर्यंत उघडा. टकटक आवाज करत ती आपली जागा घेते. दोन मिनिटांचं काम आहे. सिलेक्टर बसवायच्या आधी करा.

गिअर कधी कुठला, याचा अंदाज यावा म्हणून तुमच्या गाडीचे आकडे काढून देतो. ट्रान्सफर केसचा लो 2.72 चा, बॉक्सचे गिअर 2.80, 1.53, 1 आणि 0.75. फोर लोमध्ये 4000 आरपीएमला दुसऱ्यात साधारण 39 चा वेग, तिसऱ्यात 60. वाळूचं बहुतेक काम या दोनांतच होतं. लिव्हर 3 वर ठेवायचा, सिलेक्टर दुसऱ्यावर, पायथ्याला वेग घेताना तिसरा, चढ अंगावर यायच्या आधीच दुसरा. चढाच्या मध्यावर गिअर बदलायचा नाही, मग माथ्यावर पाय उचलला तरी दुसरा हलत नाही आणि इंजिनही गाडी धरून ठेवतं. फोर हायमध्ये पहिलाच 58 पर्यंत जातो, पण त्याच्या पुढे दुसऱ्यात मोठी उडी आहे आणि मऊ वाळूत ती जाणवते. टायरमध्ये 12 ते 15 पीएसआय ठेवत असालच. नसाल तर गिअरबॉक्सला दोष देण्याआधी हवा काढून बघा, अर्धं दुखणं तिथेच संपतं.

उष्णतेबद्दल एवढंच सांगतो की ऑटोवर असताना कॉम्प्युटर तुम्हाला थोडंफार सांभाळून घ्यायचा, आता सांभाळणारं कोणी नाही. रेडिएटरच्या पुढे वेगळा तेलाचा कूलर लावा आणि बॉक्समधून कूलरकडे जाणाऱ्या नळीवर तापमानाचा सेन्सर. मी 120 अंशांना थांबायला सांगतो. थांबायचं म्हणजे न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवून, बंद करून नाही, कारण बंद केलं की पंप थांबतो आणि कन्व्हर्टरमधलं सगळ्यात तापलेलं तेल तिथेच अडकून बसतं. तेल डेक्स्रॉन 3 दर्जाचं. पॅन खोलून निघतं ते जेमतेम निम्मं, पूर्ण बॉक्सला साधारण 8 लिटर लागतं.

उरले बाकीचे दोन सल्ले. क्लचवाला बॉक्स या गाडीला बसतो, कंपनीनेच एएक्स 15 देऊन चेरोक्या विकल्यात. त्याचा पहिला 3.83 चा, म्हणजे कागदावर तुमच्यापेक्षा बराच जोरदार. पण पेडल, मास्टर सिलिंडर, फ्लायव्हील, बेलहाउसिंग, शाफ्टची लांबी, वायरिंग, सगळं बदलावं लागतं, आणि वाळूत हाफ क्लचवर गाडी काढायची सवय नसेल तर पहिल्याच महिन्यात क्लच प्लेटचा वास येतो. खडकात रांगायचं असतं तर मी वेगळं बोललो असतो.

वाल्व्ह बॉडीचा सल्ला तुमच्या मित्राने बहुधा जनरल मोटर्सच्या बॉक्सवरून दिला असावा. तिथे त्याला अर्थ आहे. 4एल80ई सारख्या बॉक्समध्ये तेलाचा दाबसुद्धा कॉम्प्युटर ठरवतो. वीज तोडली की दाब एकदम जास्तीत जास्त होतो आणि बॉक्स दुसऱ्या गिअरवर अडून बसतो. तिथे नुसत्या स्विचने भागत नाही, वाल्व्ह बॉडी बदलावी लागते किंवा वेगळा कंट्रोलर लावावा लागतो. तुमच्या बॉक्सला केबल आहे, म्हणून ती वेळ येत नाही. टोयोटाचा ए340 हा तुमच्या बॉक्सचा सख्खा भाऊ, त्यालाही हीच रीत लागू पडते, पण दाबाची केबल असलेला असेल तरच. केबल नाही म्हणजे दाब विजेवर आहे, तिथे हात लावू नका.

आणि हे वाचून गावाकडे कोणी नव्या थारच्या सहा गिअरच्या ऑटोला सिलेक्टर लावायला निघाला असेल तर त्याने थांबावं. नव्या बॉक्समध्ये एक क्लच सुटत असताना दुसरा धरतो आणि दोघांचा ताळमेळ कॉम्प्युटर क्षणाक्षणाला सांभाळतो. तिथे तारा कापून हाताने वीज दिली तर दोन गिअर एकदम धरू शकतात. शिवाय भारतात गाडीत फेरफार करण्यावर मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 चे निर्बंध आहेत. तुमच्याकडेही वार्षिक तपासणी असते, त्यामुळे चेंजओव्हर काढता येईल असाच बसवा, कप्लरला कप्लर, मूळ वायरिंगची एकही तार न कापता.

आता तुम्ही एवढं करा. या सुट्टीला वाळूत जाऊ नका. केबल ॲडजस्ट करा, टीसीयूचा कप्लर काढून ती चाचणी घ्या आणि डिपस्टिकवरचं तेल पांढऱ्या कागदावर टिपून बघा. तिसरा गिअर कसा पडला, तेलाचा रंग काय आणि त्याला करपल्यासारखा वास आहे का, हे मला लिहा. सिलेक्टर आणि रिलेची जोडणी मी त्यानंतर काढून देईन.